पाळण्यातलं प्राणिसंग्रहालय

आमच्या मुलीचं नाव मी स्वतः शोधणार, असं मी जाहीर केलं तेव्हा ती दोन दिवसांची होती आणि तिनं काही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला बाकीचं लातूर होतंच.

मी जीवशास्त्र शिकवतो. लातुरात जीवशास्त्र शिकवणं ही काय चीज आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. डाळमिलमध्ये एका तोंडानं तूर आत जाते आणि दुसऱ्या तोंडानं डाळ बाहेर पडते, तशी आमच्या क्लासात एका दारानं पोरं आत जातात आणि दुसऱ्या दारानं डॉक्टर बाहेर पडतात. मधे जो खडखडाट चालतो, तो मी. त्यामुळं प्राणी, पक्षी, किडा-मुंगी यांच्याबाबतीत आमच्या गल्लीत शेवटचा शब्द माझा असतो, असं निदान माझं तरी मत आहे.

आता आजकालची नावं बघा. हजेरी घेताना मी ‘आरोही’ म्हटलं की अर्धी रांग उठते. उरलेल्या अर्ध्या रांगेत आर्वी, अन्वी, आर्या आणि आराध्या. अर्थ विचारला की, ‘सर, सूर्याचं पहिलं किरण.’ एका वर्षी माझ्या बॅचमध्ये सूर्याची इतकी पहिली किरणं बसली होती की वर्गात जादा कूलर लावावा लागला.

तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की, आपल्याला मुलगा होवो का मुलगी, नाव प्राण्याचं ठेवायचं. प्राण्याच्या नावात फसवाफसवी नसते. कुणी अर्थ विचारला तर बोट दाखवून मोकळं होता येतं. आणि यात नवीन काहीच नाही. कश्यप म्हणजे कासव. शौनक या नावाच्या मुळाशी चक्क कुत्रं आहे. थोरामोठ्या ऋषींना जे चाललं, ते क्लासमधल्या मास्तरच्या लेकीला चालू नये, हा कुठला न्याय?

“पोरीचं बारसं करून राहिलात का पशुगणना?” दीपमाला, म्हणजे आमची बायको, खाटेवरून म्हणाली. “काय ठेवायचं ते ठेवा, पण हळू बोला. आत्ता कुठं गप झालीय.”

गप होणं ही आमच्या लेकीच्या बाबतीत बातमीच होती. दवाखान्यात तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा वॉर्डातली झाडून सगळी बाळं जागी झाली आणि गेटवरचा वॉचमन काय झालं ते बघायला वर आला. पण आवाज हा वेगळा विषय आहे. आपण नावाबद्दल बोलत होतो.

शास्त्रीय पद्धत म्हणून मी एकेक नाव गल्लीत तपासून घ्यायचं ठरवलं. ही पद्धत कुणीही वापरू नये. आमच्या ओट्यावर रोज दोन माणसं बसतात. एक आमच्या घरमालकीण गुरम्मा, मूळच्या उदगीरच्या. दुसरे शेजारचे आप्पासाहेब. हे तहसीलमधून रिटायर झाले, पण तहसील त्यांच्यातून अजून रिटायर झालेली नाही. मी पहिलंच नाव मोठ्या झोकात टाकलं. हंसिका.

“नको,” आप्पासाहेब म्हणाले. “माझ्या साडूच्या सासूचं नाव हंसाबाई. दोन सुना पळवून लावल्या तिनं.”

“यात हंसाचा काय दोष?”

“हंसाचा न्हाई हो. नावाचा असतोय.”

दुसऱ्या दिवशी हरिणी. गुरम्मांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. “अय्यो, काय करलालाव सर? हरणाला कुणी बी उठावं अन् पळवावं. लेकरू जन्मभर इकडंतिकडं बघत बसंल.” सिंहिका म्हटलं तर आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं, की सिंहिका ही राहूची आई, आणि राहूचा आजोबा-बिजोबा व्हायची इच्छा असेल तर तसं स्पष्ट बोला. सुरभी मला स्वतःला फार आवडलं होतं, पण आतून दीपमालाचा आवाज आला, “म्हणजे गाय ना? मी एक हाय तेवढी पुरे.” यावर ओट्यावरची दोघंही माझ्याकडं बघायला लागली, म्हणून मी तो विषय वाढवला नाही. मयूरी मात्र मीच बाद केलं. पिसारा असतो तो मोराला. लांडोरीला काहीच नसतं. ज्ञान माणसाला अशी छोटी छोटी सुखं भोगू देत नाही.

शेवटी नाव सापडलं ते क्लासात, फळ्यासमोर, हत्तींबद्दल बोलताना. हत्तींच्या कळपाची पुढारी सगळ्यात थोरली हत्तीण असते. पाणी कुठं आहे ते तिला आठवतं. बाकीचे तिच्या मागं चालतात. मी खडू तसाच हातात धरून थांबलो. ऐरावती! भारदस्त, दुर्मिळ, आणि अर्थ विचारला तर बोट दाखवायला एवढा मोठा प्राणी. दीपमाला म्हणाली, “शाळेत पोरी ऐरी-गैरी म्हणतील.” मी म्हणालो, “म्हणू देत. हत्ती चालला की कुत्री भुंकतातच.” अशा वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटतं.

त्याच जोशात मी जन्मनोंदणीच्या खिडकीवर गेलो. खिडकीतले क्लार्क अंगानं किरकोळ होते, पण कुणाचीही घाई त्यांना लागत नव्हती.

“बारसं झालं का?” त्यांनी विचारलं.

“व्हायचंय. पण नाव पक्कं आहे. हत्तीवरून ठेवलंय.”

“पाळीव का जंगली?”

मला वाटलं चेष्टा करून राहिलेत, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. “जनावराची नोंद करायची असंल तर पशुसंवर्धनची इमारत समोर हाय,” ते म्हणाले. मी त्यांना ऐरावताची वंशावळ सांगायला लागलो तेव्हा मागच्या रांगेतून हरकती यायला लागल्या. शेवटी त्यांनी नावाचा रकाना कोरा ठेवला आणि पावती माझ्याकडं सरकवली. “सर, बारशाआधी नाव टाकणारे पुन्हा दुरुस्तीला येतात. आधी आत्याला कानात सांगू द्या. मग या.”

एका क्लार्कनं मला परंपरा शिकवावी, हे मला लागलं. बाहेर येऊन मी सरळ फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

लातुरात फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस जन्मला यावर कुणाचा विश्वास बसत नाही आणि मेला यावरही बसत नाही. मी साधाच फ्लेक्स सांगितला होता. पण डिझाइन करणाऱ्याला हत्ती सापडला आणि तो पेटला. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स उभा राहिला तेव्हा त्यात सोंड वर केलेला हत्ती सगळ्यात मोठा होता, त्याच्या पायाशी हात जोडलेला मी, माझ्या बाजूला शुभेच्छुक म्हणून हात जोडलेले आप्पासाहेब, आणि खाली कोपऱ्यात, दूरध्वनी क्रमांकाच्या वर, आमची लेक. ‘चि. ऐरावती हिचा नामकरण सोहळा. आपले आशीर्वाद हीच आमची ताकद.’ हे शेवटचं वाक्य आप्पासाहेबांनी घातलं होतं.

दिवस महापालिकेच्या निवडणुकीचे होते आणि हत्ती हे एका पक्षाचं चिन्ह आहे. ही गोष्ट जीवशास्त्रात येत नाही. संध्याकाळी आचारसंहितेचं पथक गाडी घेऊन हजर.

“उमेदवार कोण?” साहेबांनी विचारलं.

“उमेदवार नाही साहेब, बाळ आहे.”

“वय?”

“आठवा दिवस लागलाय.”

साहेबांनी हे लिहून घेतलं. आप्पासाहेब नियम सांगायला मधे पडले आणि त्यांचंही नाव लिहून घेतलं गेलं. तेवढ्यात घरातून लेकीनं आवाज काढला, तेव्हा कुठं साहेबांना बाळ खरंच आहे हे पटलं. त्यांनी हत्तीपुरता पांढरा कपडा बांधायला लावला आणि गेले. पण हत्ती झाकल्यावर उरलं काय? हात जोडलेला मी, आणि ‘आपले आशीर्वाद हीच आमची ताकद.’ दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना लोक गाड्या थांबवून विचारायला लागले, “सर, कोणत्या वार्डातून?” एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी घरातली सगळी मतं देऊ केली आणि जाता जाता पोराच्या फीमध्ये काही होतंय का, ते विचारलं.

हेही मी पचवलं असतं. पण त्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत बिलोलीला पोचला.

बिलोलीला माझी थोरली बहीण असते, चांगुणा. आम्ही तिला अक्का म्हणतो. आमच्या खेड्यात चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून मी शिकायला अक्काच्याच घरी राहिलो. बापानंतर मी जगात भीत असेन तर तिला, आणि बापही तिला भीत होता. मी बारशाचं सांगायला फोन केला तर ती नेहमीसारखी ओरडली नाही.

“फ्लेक्स बघितला,” ती म्हणाली. “मोठा हाय.”

“अक्का, तू आदल्या दिवशीच ये.”

“कामून? नाव तर ठेवून बसलास. चौकात लावून बी झालं. आता पोरीच्या कानात मी काय सांगू, आचारसंहिता?”

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला तर दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, उचलला आणि एवढंच म्हणाले, “सध्या नगं.”

आता हे समजून घ्या. बारशाला नाव आत्या ठेवते. बाळाला पाळण्यात घातलं की आत्या वाकते, त्याच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि ते सांगत असताना बाकीच्या बाया तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. तिच्या तोंडून नाव निघेपर्यंत ते कुणाला माहीत नसतं. आमच्याकडं आत्याच्या वाट्याला दुसरं येतं तरी काय? टोपडं शिवायचं, बुक्क्या खायच्या आणि एक नाव. त्यातलं नाव मी भर चौकात टांगलं होतं. फ्लेक्स सांगताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मला सगळं माहीत असतं, असं समजणाऱ्या माणसाच्या डोक्यात असल्याच गोष्टी येत नाहीत.

दीपमालानं हे ऐकलं आणि उठून बसली. “अक्का येणार न्हाईत तर बारसं न्हाई. पोरगी बिननावाची राहिली तरी चालंल.”

गल्लीनं मात्र हात टेकले नाहीत. आप्पासाहेब म्हणाले, सख्खी नसेल तर चुलत, मावस आणि मानलेली अशा तिन्ही आत्या ग्राह्य धरता येतात. मी नांदेडच्या चुलत बहिणीला फोन केला. “अक्काच्या जागी मी वाकू?” ती म्हणाली. “दादा, मला बी पाठ हाय, पण एवढी न्हाई.” मावस बहिणीनं फोनच उचलला नाही; तिला चुलतबहिणीनं आधीच सांगितलं असणार. मग गुरम्मा पदर खोचून पुढं आल्या. “मी होते आत्या. त्यात काय?” त्यांचा उत्साह बघून मला भरून आलं, पण दीपमालानं आतून दार जोरात लोटलं आणि तो प्रस्तावही बारगळला.

सकाळच्या एसटीनं मी निघालो. नांदेडपर्यंत मी अक्काला काय काय सांगायचं याची जुळवाजुळव केली. मुद्दे बिनतोड होते. थोरली हत्तीण कळप चालवते, म्हणजे ऐरावती हे नाव खरं तर अक्काचाच सन्मान. बिलोलीला उतरलो तोवर मी जवळजवळ जिंकलेलो होतो.

स्टँडवरच्या चहावाल्यानं मला बघितलं आणि आरोळी ठोकली, “अरे, बोक्या आला!”

हे सांगायचं राहिलंच. लहानपणी अक्काच्या घरची साय रोज कुणीतरी खायचं आणि तेव्हापासून बिलोलीत मला बोक्या म्हणतात. मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे, क्लासच्या फलकावर माझा फोटो आहे, पण बिलोलीच्या हद्दीत यातलं काही चालत नाही. स्टँडपासून अक्काच्या घरापर्यंत तीन ठिकाणी बोक्याची विचारपूस झाली.

अक्का अंगणात मशीनवर लाल कापडाची कुंची शिवत बसली होती. मला बघताच तिनं ती मांडीखाली सारली. दाजी “या” म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैलांच्या पुढ्यात पाणी होतंच.

मी हत्तीचं व्याख्यान दिलं. मन लावून दिलं. अक्कानं पूर्ण ऐकून घेतलं.

“हत्ती बघितलास का तू?”

“एकदा. सर्कशीत.”

“मी न्हाई बघितला. तुझ्या बायकोनं बघितला? पोरीनं? मग कुणाच्या रानातला हाय हा हत्ती?”

मांडीखालून कुंचीची लाल दोरी बाहेर आलेली दिसत होती. येणार नाही असं दाखवल्यावरही ही बाई कुंची शिवत होती. माझे सगळे मुद्दे तिथंच संपले.

“अक्का, चुकलं माझं,” मी म्हणालो. “नाव तूच ठेव. ठेवशील ते ठेव.”

तिनं मांडीखालची कुंची काढून पुन्हा मशीनवर घेतली. मग म्हणाली, “एक सांगते. इचारायचं न्हाई. कानात सांगीन तवाच कळंल. अन् तो फ्लेक्स काढ. दाजींना वाटलं तू निवडणुकीला उभारलास.”

मी हो म्हणालो आणि परत येताना एसटीत पुन्हा हुशारीत आलो. व्याख्यान वाया जात नाही, हा माझा अनुभव आहे. अक्का वरून काही दाखवत नसली तरी ऐरावती तिच्या डोक्यात नक्की शिरली असणार. म्हणून हत्तीच्या आकाराचा केक मी सांगितला होता तो तसाच ठेवला.

बाराव्या दिवशी आमचं घर बायांनी गच्च भरलं. घुगऱ्यांचं पातेलं उतरलं. लेकीला लाल कुंची घालून पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवलं. मी केकजवळ उभा होतो. अक्का वाकली. बायांनी बुक्क्यांना सुरुवात केली. त्यात आत्या व्हायचं राहून गेलेल्या गुरम्मांचा हात सगळ्यात जड पडत होता. अक्कानं पाळण्यात तोंड घालून कुर्र केलं आणि लेकीनं असा काही सूर लावला की ओट्यावरची पुरुष मंडळी उठून उभी राहिली.

अक्का सरळ झाली. पाठ चोळत म्हणाली, “टिटवी.”

मी केकच्या हत्तीकडं बघितलं.

“टिटवी?” दारातून आप्पासाहेब म्हणाले. “टिटवी ओरडली की लोक वाईट म्हणतात हो.”

“लोक म्हणतात,” अक्का त्यांच्याकडं वळली. “तुम्ही बघितली का कवा? आमच्या रानात दरसाल येती. उघड्या जमिनीवर अंडी घालती. ना झाड, ना घरटं. नांगर आला की पळत न्हाई. पंख पसरून पुढ्यात उभी राहती अन् ओरडती. एवढीशी हाय, पण बैल वळत्यात. तुमचा हत्ती बी वळवील.”

“टिटवी बी समिंदर आटवती म्हणतात,” गुरम्मा म्हणाल्या.

यातलं सगळं मला ठाऊक आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं मी दरवर्षी शिकवतो. पण तिथं मला फळा आठवला नाही, बिलोलीचं दार आठवलं. मी सातवीत असताना बाप मला शाळेतून काढून शेळ्यांमागं न्यायला आला होता. अक्का दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली आणि इतकी ओरडली की सगळी आळी जमा झाली. बाप तसाच माघारी गेला. मी आतल्या खोलीत बसून होतो. तेव्हा मला त्या ओरडण्याची लाज वाटली होती. आज मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला सगळ्यांनी बघितलं, अगदी केक कापायला आलेल्या पोरांनीही.

“चांगलं हाय ना नाव?” दीपमालानं विचारलं. तिला धक्का बसलेला दिसत नव्हता.

“तुला माहीत होतं?”

“फ्लेक्सचा फोटो बघितला त्याच दिवशी अक्कांनी फोन करून पोरगी कशी हाय ते इचारलं होतं. मी म्हटलं, रडायला लागली की गल्ली जागी होती. तर म्हणाल्या, मग टिटवीच. मला लई आवडलं.”

“मग मी बिलोलीला कशाला गेलो होतो?”

“माफी मागायला,” दीपमाला म्हणाली आणि बाळाला उचलून आत गेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही जन्मनोंदणीला गेलो. अक्का थांबली होती. लेक तिच्या खांद्यावर होती, पिशवी माझ्या. रांग दारापर्यंत आलेली होती. मी अक्काला म्हणालो, तास-दोन तास लागतील. तेवढ्यात खांद्यावरून आवाज सुरू झाला. पहिल्या सुराला पुढच्या बाईनं कानावर हात ठेवला. दुसऱ्या सुराला तिच्या पुढचे दोघं बाजूला झाले. “जाऊ द्या हो त्या लेकराला पुढं,” कुणीतरी म्हणालं, आणि भिंतीला लागून सगळी रांग वळली. अक्का वाटेनं सरळ चालत गेली. मी पिशवी सावरत मागून गेलो.

क्लार्कनी मला ओळखलं. कोरा रकाना समोर घेतला. “बोला. हत्तीच ना?”

“टिटवी,” मी मोठ्यानं सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग कुंचीतल्या उघड्या तोंडाकडं. “पाळीव का जंगली?”

“ते तुम्ही कसं वागता त्यावर हाय,” अक्का म्हणाली. “लिवा.”

त्यांनी लिहिलं.